वहीतले वजन चढले तरच दंड भरतात : स्नायुवर्धनासाठी वजनाचा व्यायाम कसा करावा

नाशिकमध्ये पंचवटीच्या मार्केट यार्डात पहाटेपासून गोण्या वाहणाऱ्या हमालाच्या अंगात किती बळ असते, हे तिथे पाच मिनिटे उभे राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही त्याच्याकडे पाहून एक प्रश्न पडायला हवा : वजन उचलल्याने स्नायू वाढतात हे खरे असेल, तर दिवसभर गोण्याच उचलणाऱ्या या माणसाचे खांदे आणि मांड्या दर वर्षी अधिक जाड का होत जात नाहीत? कामाला लागल्यावर सुरुवातीला त्याचे अंग भरते आणि पुढची २० वर्षे ते जवळपास तसेच राहते. याचे उत्तर गोणीत आहे. ती ५० किलोची होती आणि ५० किलोचीच राहिली. शरीराने त्या ओझ्याला पुरेल एवढी तयारी केली आणि तिथे हात आखडता घेतला.

कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंतच्या जिममध्ये नेमाने जाऊनही ज्यांच्या शर्टाचे माप बदलत नाही, त्यांच्यापैकी अनेकांचे दुखणे हेच असते. मी स्वतः दोन वर्षे रोज संध्याकाळी घाम गाळला, ‘आज चेस्ट मारली, उद्या बॅक’ असे म्हणत राहिलो आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पहिल्या वर्षाचेच डंबेल उचलत होतो. त्या काळात मी काहीही लिहून ठेवत नसे, त्यामुळे आपण जागेवरच उभे आहोत हे समजायलाही दोन वर्षे लागली. पुढील मार्गदर्शन नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहेच, पण माझ्यासारखे अडकून पडलेल्यांसाठी अधिक आहे.

आत नेमके काय घडते

स्नायू म्हणजे हजारो तंतूंची जुडी असते. यातला प्रत्येक तंतू ही एक लांबलचक पेशी असून तिच्यात एक नव्हे, तर अनेक पेशीकेंद्रे असतात. तंतूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक धागे एकमेकांत सरकतात आणि त्यामुळे स्नायू आखडतो. १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक जोड्यांनी, म्हणजे अँड्र्यू हक्सले व रोल्फ नीडरगर्के यांनी आणि ह्यू हक्सले व जीन हॅन्सन यांनी, ही सरकण्याची क्रिया एकाच वेळी मांडली. मायोसिनची टोके ॲक्टिनला धरून ओढतात. जितकी अधिक टोके एकाच वेळी धरून असतील तितका त्या तंतूवरचा ताण अधिक. हालचाल अतिशय वेगवान असेल तर टोकांना धरायला वेळच मिळत नाही, म्हणून हलके वजन झटक्याने फिरवताना तंतूवर फारसा ताण येत नाही.

हा ताण हीच वाढीची मुख्य खूण आहे. तंतूला तो जाणवला की पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते, त्यात एमटॉर नावाचे प्रथिन महत्त्वाचे काम करते, आणि नवीन प्रथिने घडवण्याचा वेग वाढतो. एका चांगल्या व्यायामानंतर हा वेग साधारण २४ ते ४८ तास वाढलेला राहतो. तंतूच्या कडेला निपचित असलेल्या, १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी प्रथम वर्णन केलेल्या उपग्रह पेशीही जाग्या होतात आणि आपली पेशीकेंद्रे तंतूला देतात. नवे तंतू जन्माला येतात असा समज आहे, पण माणसात होणारी वाढ ही मुख्यत्वे असलेल्या तंतूंची जाडी वाढल्याने होते.

दुसरी गोष्ट समजल्याशिवाय जिममधले निम्मे वाद मिटत नाहीत. मेंदू सगळे तंतू एकदम कामाला लावत नाही. एका चेतापेशीच्या ताब्यात तंतूंचा एक गट असतो. काम हलके असेल तर लहान गट पुरतात, आणि काम जड झाले किंवा लहान गट थकले, तरच मोठे गट बोलावले जातात. हा क्रम एल्वुड हेन्नेमन यांनी दाखवून दिला. वाढीची सर्वाधिक क्षमता असलेले तंतू नेमके याच उशिरा येणाऱ्या मोठ्या गटांत असतात. म्हणून वजन ५ वेळा उचलता येईल इतके जड असो की २५ वेळा उचलता येईल इतके हलके, सेट, म्हणजे मध्ये न थांबता सलग केलेली उचल-ठेव, थकव्याच्या काठापर्यंत नेला तर वाढ जवळपास सारखीच होते. आणि तोच सेट अर्ध्यात सोडला तर दोन्ही प्रकारांत मोठे गट झोपलेलेच राहतात. पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्यांचा दम वाढतो, हृदय सुधारते, पण मांडीचा घेर फारसा वाढत नाही, याचेही कारण यातच सापडते.

आधी एवढे पाहावे

ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मणक्याचा त्रास आहे, ज्या गर्भवती आहेत किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनाला हात लावू नये. इतरांना वयाची अट नाही. साठीनंतर स्नायू झपाट्याने झिजत असल्यामुळे त्या वयात हा व्यायाम चैनीचा न राहता गरजेचा होतो. स्त्रियांना ‘पुरुषी’ शरीर होण्याची जी भीती घातली जाते ती निराधार आहे. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फार कमी असते, त्यामुळे त्यांच्याही स्नायूंची मूळ आकाराच्या प्रमाणात चांगली वाढ होते, पण आकारमान पुरुषांएवढे होत नाही.

पहिली पायरी : सहा हालचाली निवडाव्यात

यंत्रांच्या गर्दीत गोंधळून जाण्यापेक्षा शरीराच्या सहा हालचाली लक्षात ठेवाव्यात आणि प्रत्येकीसाठी एक व्यायाम घ्यावा. गुडघ्यातून बसून उठणे, यासाठी स्क्वॉट किंवा लेग प्रेस. कमरेतून वाकून उठणे, यासाठी रोमानियन डेडलिफ्ट. समोर ढकलणे म्हणजे बेंच प्रेस, स्वतःकडे ओढणे म्हणजे रोइंग, डोक्यावर ढकलणे म्हणजे शोल्डर प्रेस, आणि वरून खाली ओढणे म्हणजे लॅट पुलडाउन किंवा पुलअप. याला दंडाच्या पुढच्या-मागच्या बाजूचा एकेक व्यायाम आणि पोटऱ्यांचा एक जोडला की सुरुवातीच्या वर्षभरासाठी पुरेसे होते. आरशात दिसते म्हणून छाती आणि बायसेप्स यांनाच आठवड्याचे चार दिवस देणाऱ्या मंडळींनी पाठ आणि पाय यांची नोंद घ्यावी.

जिम परवडत नसेल किंवा वेळ जुळत नसेल, तर जोर आणि बैठका आजही उत्तम आहेत, पण त्यांतही गोणीचाच धोका आहे : रोज १०० बैठका मारणारा माणूस काही महिन्यांनी फक्त चिवट होतो. त्यावर उपाय असा की, पाठीवर पिशवी घेऊन तिच्यात पाण्याच्या बाटल्या वाढवत न्याव्यात, एका पायावरच्या बैठकांकडे वळावे, जोर मारताना पाय खुर्चीवर ठेवावेत. २० लिटरचा भरलेला पाण्याचा जार म्हणजे साधारण २० किलो वजन, आणि तो पाण्याच्या पातळीने कमी-अधिक करता येतो. उद्यानांतल्या ग्रीन जिमबद्दल मात्र माझे मत फारसे चांगले नाही. सांधे मोकळे करायला ती साधने ठीक आहेत, पण त्यांपैकी बहुतेकांवर वजन वाढवण्याची सोयच नसते. तिथला पुलअपचा दांडा तेवढा सोन्याचा.

दुसरी पायरी : एक सेट नीट मारायला शिकावे

सगळा व्यायाम शेवटी एका सेटपाशी येऊन ठेपतो, म्हणून पहिले दोन आठवडे हलक्या वजनावर फक्त हेच शिकण्यात घालवले तरी ते वाया जात नाहीत. वजन उचलताना जोर लावावा. खाली आणताना मात्र ते सोडून न देता दोन-तीन सेकंद घेऊन उतरवावे, कारण उतरतानाही तंतूंवर ताण असतो आणि बरेच जण तो अर्धा भाग फुकट घालवतात. हालचाल पूर्ण असावी. विशेषतः स्नायू ताणलेल्या स्थितीतला भाग, म्हणजे स्क्वॉटमध्ये खालचा, बेंच प्रेसमध्ये दांडा छातीपाशी असतानाचा, कधीही कापू नये. ६० किलो लावून चतुर्थांश बैठक मारण्यापेक्षा ४० किलोवर मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत बसणे कितीतरी फलदायी असते, मात्र तिथे शेजारचे लोक वळून पाहत नाहीत, ही त्यातली एकमेव अडचण.

सेट कुठे थांबवायचा, हा कळीचा प्रश्न आहे. एकदा वजन वर नेऊन खाली आणणे म्हणजे एक आवर्तन. नियम असा की, आणखी एक ते तीन आवर्तने जेमतेम जमली असती, अशा ठिकाणी थांबावे. नवख्याला हे ओळखता येत नाही; त्याला १० वर थकल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात त्याच्यात आणखी सहा-सात शिल्लक असतात. ओळखण्याची खूण सांगतो : आपण पूर्ण जोर लावत असूनही वजन आपोआप संथ होऊ लागले, की काठ जवळ आला. चेहरा वाकडा होणे ही ती खूण नव्हे. यंत्रांवर किंवा डंबेलच्या साध्या व्यायामांत अधूनमधून शेवटचा सेट अगदी उचलणे अशक्य होईपर्यंत न्यावा, म्हणजे आपला अंदाज किती चुकतो ते समजते. स्क्वॉट किंवा बेंच प्रेसमध्ये मात्र मदतीला माणूस उभा नसेल तर हा प्रयोग करू नये.

दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटे विश्रांती घ्यावी. कमी विश्रांतीने दम लागतो, घाम येतो, मेहनत केल्याचे समाधान मिळते, आणि पुढच्या सेटमध्ये आवर्तने घटतात. जड वजनावर श्वास कोंडून धरल्याने रक्तदाब क्षणभर बराच वाढतो, म्हणून ढकलताना श्वास सोडण्याची सवय लावावी.

तिसरी पायरी : वही

दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांचे स्नायू पुन्हा बळकट करण्यासाठी थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी जड वजने वापरली आणि १९४५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाला जमेल तेवढे वजन मोजायचे, आणि ताकद वाढेल तसे ते वाढवत न्यायचे, हे तिचे सूत्र. ‘क्रमशः वाढता भार’ ही कल्पना रुग्णालयांत आणि जिममध्ये रुजली ती तेव्हापासून, आणि तिच्याशिवाय बाकी सारे व्यर्थ आहे.

करायचे असे. प्रत्येक व्यायामासाठी आवर्तनांची एक मर्यादा ठरवावी, समजा ८ ते १२. पहिल्या दिवशी असे वजन शोधावे, की ज्यावर काठापासून दोन आवर्तने आधी थांबून ८ ते ९ होतील. समजा, बेंच प्रेसमध्ये दांड्यासह ३० किलो निघाले आणि तीन सेटमध्ये अनुक्रमे ९, ८, ८ झाले. हे तारखेसह वहीत लिहावे. पुढच्या वेळी ३० किलोवरच यांतला कुठलाही एक आकडा वाढवणे हे त्या दिवसाचे काम. ९, ९, ८. मग १०, ९, ९. काही आठवड्यांनी तिन्ही सेट १२ ला पोहोचले, की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची चकती लावून साडेबत्तीस करावे. आवर्तने पुन्हा आठपर्यंत घसरतील, आणि तिथून चढण पुन्हा सुरू होईल. सव्वा किलोच्या चकत्या अनेक जिममध्ये कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात, कारण त्या उचलायला लोकांना संकोच वाटतो. त्या शोधून काढाव्यात. डंबेलमध्ये एकदम अडीच किलोची उडी घ्यावी लागत असेल, तर आवर्तनांची मर्यादा १५ पर्यंत वाढवून मगच वजन बदलावे.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत वहीतले आकडे भराभर चढतात आणि आरशात काहीच दिसत नाही, तेव्हा निराश होऊ नये. त्या काळातली बरीचशी ताकद मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना अधिक नेटकेपणाने कामाला लावायला शिकल्यामुळे आलेली असते. अंगावरचा फरक साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दिसू लागतो. दर चार आठवड्यांनी सकाळी उपाशीपोटी दंड, छाती, मांडी आणि कंबर यांची मापे शिंप्याच्या टेपने घ्यावीत आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहावीत.

आठवड्याची मांडणी

नवख्याने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस संपूर्ण शरीराचा व्यायाम करावा. वर सांगितलेल्या सहा हालचालींचे प्रत्येकी दोन ते तीन सेट सव्वा तासात होतात. वेळ कमी असेल तर सहा हालचाली दिवसाआड वाटून घ्याव्यात. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्याला सुरुवातीस ६ ते १० आणि वर्षभरानंतर १० ते २० चांगले सेट मिळावेत, आणि ते किमान दोन दिवसांत विभागलेले असावेत. एका स्नायूला आठवड्यातून एकदाच चिरडून काढण्याची पद्धत जिमच्या फळ्यावर हमखास लिहिलेली असते, परंतु प्रथिननिर्मितीचा वाढलेला वेग दोन दिवसांत ओसरत असेल, तर त्या स्नायूला पुढचे पाच दिवस रिकामे का ठेवायचे, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही ट्रेनरकडून मिळालेले नाही.

अंग दुखणे हे वाढीचे माप नव्हे. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे कठीण होते, महिन्याभरात ते दुखणे जवळजवळ नाहीसे होते, आणि वाढ तरीही चालू असते. मात्र पहिल्याच दिवशी अतिरेक करून स्नायू खूप सुजले आणि लघवीचा रंग गडद तपकिरी झाला, तर तडक रुग्णालय गाठावे. त्यात स्नायू फुटून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

ताटातला हिशेब

स्नायू वाढवणाऱ्याने दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. ६५ किलोच्या माणसासाठी हा आकडा १०४ ग्रॅम येतो, आणि वरण-भात-पोळी-भाजीच्या नेहमीच्या जेवणातून तो गाठला जात नाही. शाकाहारी माणसाने हिशेब असा जुळवावा : अर्धा लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम, ६० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून १४, ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून २५, १०० ग्रॅम पनीरमधून १८, ५० ग्रॅम डाळीतून ११, आणि दिवसभरातल्या २०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या-भाकरींतून २० ते २२. म्हणजे १०४ ग्रॅम भरले. एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम कच्च्या चिकनमधून २२ ते २३. रविवारच्या मिसळीला मी नाव ठेवणार नाही, कारण तिच्यात मटकी आहे; फक्त वाटीत तर्री जास्त आणि मटकी बोटावर मोजण्याइतकी असेल, तर तिला प्रथिनांच्या रकान्यात धरू नये. ही प्रथिने तीन-चार जेवणांत वाटून घ्यावीत.

श्रावणात आणि नवरात्रात नाशिकमधल्या जिमची खरी परीक्षा असते. साबुदाण्यात प्रथिने नावालाच असतात, त्यामुळे खिचडीच्या तीन ताटांनी पोट भरते, स्नायू उपाशी राहतो. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर आणि शेंगदाणे यांवर भर द्यावा आणि त्या दिवसांत वहीतले वजन चढवण्याऐवजी टिकवण्याचे ध्येय ठेवावे. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र वरचा हिशेब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाळू नये.

सडपातळ माणसाने गरजेपेक्षा दिवसाला २०० ते ३०० कॅलरी जास्त खाव्यात आणि आठवड्याला साधारण पाव किलो वजन वाढू द्यावे. त्याहून वेगाने वाढले तर ती बहुतांशी चरबी असते. पोट सुटलेल्या नवख्याने थोडे कमी खाऊनही प्रथिने पुरेशी घेतली, तर चरबी घटत असतानाच स्नायू वाढू शकतात.

पावडरींपैकी व्हे म्हणजे दुधातलेच प्रथिन, ज्याला ताटातून हिशेब जमत नाही त्याच्यासाठी सोय. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक आणि दुकानाचे पक्के बिल असावे. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने एखाददोन आवर्तने वाढतात. बाकीच्या रंगीत डब्यांवर खर्च करण्यासारखे मला काही दिसत नाही. लॉकर रूममध्ये हळूच पुढे केल्या जाणाऱ्या इंजेक्शनबद्दल इतकेच सांगतो की, बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, वृषणे आक्रसतात, वंध्यत्व येऊ शकते, रक्तातील मेदाचे प्रमाण बिघडते आणि हृदयावर ताण येतो.

झोप, शिफ्ट आणि ढोल

सात ते नऊ तासांची झोप लागतेच. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळ्या बदलणाऱ्यांना ती सलग मिळत नाही. त्यांनी रात्रपाळीच्या आठवड्यात सेट निम्मे करावेत पण वजन तेच ठेवावे, कारण कमावलेले टिकवायला फार थोडा व्यायाम पुरतो. गणेशोत्सवाआधी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की तासन्‌तास कमरेला ढोल बांधून वाजवणाऱ्यांचे खांदे आणि कंबर आधीच थकलेले असतात. त्या आठवड्यांत शोल्डर प्रेस आणि डेडलिफ्ट यांना आवर घालावा, पायांचा व्यायाम चालू ठेवावा.

आकडे थांबले तर

एखाद्या व्यायामात तीन-चार आठवडे एकही आवर्तन वाढले नाही, तर लगेच व्यायाम बदलू नये. आधी झोप आणि वजनकाट्यावरचे वजन पाहावे. शरीराचे वजन महिनाभर तसूभर वाढले नसेल तर दोष बहुधा ताटात असतो. खाणे-झोप ठीक असून सांधे कुरकुरत असतील, तर एक आठवडा सेट निम्म्यावर आणावेत आणि मग पुन्हा सुरू करावे. एवढे करूनही अडले, तर त्या स्नायूसाठी आठवड्याला दोन-तीन सेट वाढवावेत. बेंच प्रेसऐवजी डंबेल प्रेस, असा बदल करण्याची पाळी यानंतरच येते.

द्राक्षांच्या काढणीत महिना-दीड महिना शेतावर जावे लागते, लग्नसराई येते, आजारपण येते, आणि वही बंद पडते. अशा खंडानंतर गेलेला स्नायू पहिल्यांदा कमावला त्याहून बऱ्याच लवकर परत येतो. परतल्यावर पहिल्या आठवड्यात जुन्या वजनाच्या दोन-तृतीयांशावर प्रत्येकी दोनच सेट मारावेत, दुसऱ्या आठवड्यात तीन करावेत, आणि तिसऱ्या आठवड्यापासून वहीतल्या शेवटच्या पानावरच्या आकड्याकडे चढायला लागावे. ते पान फाडू नये.